पत्त्यांचे वेळापत्रक

मध्यंतरी सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे होतो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला, एडिसनच्या दुकानांत पुण्यापेक्षा बरी मिळणारी भाकरवडी पाहिली. पण त्यावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ फारसं नाही. लिहावंसं वाटतं ते भलतंच आहे. मी तिकडे राहून पत्त्यांच्या पैसे लावून खेळायच्या स्पर्धेचं वेळापत्रक तयार करून आलो.

हो, बरोबर वाचलंत. आमच्या घराण्यातली निम्मी मंडळी आता चष्मा पुसून पुन्हा वाचतील. ज्या माणसाने घरात पत्त्यांचा कॅट आणू दिला नाही, मुलांना मे महिन्यात बदाम सात आणि झब्बूसुद्धा नाइलाजाने खेळू दिलं, तो हाच का? तोच. त्याचं कारण पुढे येईल.

झालं असं. आमचे चिरंजीव महिन्यातून एका शुक्रवारी मित्रांना घरी बोलावतात. तळघरात मोठं गोल टेबल आहे. नऊ जण बसतात, पोकर खेळतात. प्रत्येकी चाळीस डॉलर काढायचे, त्याच्या बदल्यात ५,००० किमतीच्या रंगीत चिपा मिळतात. चिपा संपल्या की माणूस बाद. शेवटी उरेल तो पहिला. यजमानाने स्वतःसाठी काही काढून घ्यायचं नाही, सगळे पैसे पहिल्या तिघांत वाटायचे. म्हणजे तसं पाहिलं तर क्लबातल्या पत्त्यांपेक्षा सोवळाच प्रकार.

मी गेल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी हा खेळ रात्री अडीच वाजता संपला. मला झोप कमीच. जिन्यावरची पावलं, गाड्यांचे दरवाजे, सगळं ऐकत पडलो होतो. सकाळी सूनबाईंनी चहाचा कप ठेवला तो जरा जोरात. शनिवारी सकाळी नातवाला पोहायला न्यायचं असतं आणि बाप घोरत पडलेला. ती मला म्हणाली, "बाबा, खेळायला माझी ना नाही. पण साडेअकराला संपेल म्हणतात आणि अडीच वाजतात. दर वेळी." तिचा राग पत्त्यांवर नव्हता, न पाळलेल्या वेळेवर होता. आणि हे दुखणं मला चांगलं कळतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली जवळजवळ अठ्ठावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी केलं आहे. मोठा ड्रॉइंगचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. कुठला तास लांबतो आणि का लांबतो, हे ओळखायची सवय हाडात गेली आहे.

दुपारी चिरंजीवांना म्हटलं, "तुमच्या खेळाचं वेळापत्रक दाखव."

तो हसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि पोकर?" पण लॅपटॉपवर तक्ता दाखवला.

आता जरा खेळाचं सांगायला हवं. तीन पत्ती खेळणाऱ्यांना 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न बघता लावलेले पैसे हे ठाऊक असतं. पोकरमध्येही अर्थ तोच, फक्त तिथे ती मर्जीची गोष्ट नाही, सक्ती आहे. दर डावाला दोन माणसांनी पत्ते हातात यायच्या आधी पैसे टाकायचे, एकाने लहान ब्लाइंड, शेजारच्याने त्याच्या दुप्पट मोठा ब्लाइंड. ही पाळी टेबलाभोवती फिरत जाते. हे नसतं तर सगळेच उत्तम पत्त्यांची वाट बघत गप्प बसले असते. तीन पत्तीतल्या 'बूट'चं काम हेच. पण स्पर्धेत एक गंमत आहे. ठराविक मिनिटांनी हे ब्लाइंड वाढत जातात. २५/५०, मग ५०/१००, असे. त्याला लेव्हल म्हणतात, मी 'इयत्ता' म्हणायला लागलो आणि पुढे त्या पोरांनीही तोच शब्द उचलला. इयत्ता वाढली की हातातल्या त्याच चिपांची किंमत कमी होते. ५,००० चिपा म्हणजे पहिल्या इयत्तेत शंभर मोठे ब्लाइंड. मोठा ब्लाइंड ५०० झाला की त्याच ५,००० चिपा म्हणजे फक्त दहा. माणूस काही न करता गरीब होतो. पेन्शनरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे स्पर्धा किती वेळ चालणार हे पत्ते ठरवत नाहीत, हा तक्ता ठरवतो. आणि मुलाचा तक्ता असा होता: दर अर्ध्या तासाला मोठा ब्लाइंड ५० ने वाढवायचा. ५०, १००, १५०, २००, २५०... दिसायला किती सरळ! पाढाच. पण खोट त्यातच होती.

मी बी.ए. मराठीचा माणूस, गणित माझा विषय नाही. पण चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक सोसायटीच्या कर्जाने शिकवला आहे. ५० वरून १०० म्हणजे एकदम दुप्पट. ३५० वरून ४०० म्हणजे जेमतेम चौदा टक्के. ७०० वरून ७५० म्हणजे सातच टक्के. सुरुवातीला चिमटा, आणि नंतर जेव्हा दाब हवा तेव्हा नुसता हात फिरवल्यासारखं. म्हणून नऊपैकी पाच जण दहापर्यंत बाद होत आणि उरलेले अडीचपर्यंत एकमेकांकडे बघत बसत. सात वाजता सुरू झालेला खेळ अडीचला पंधराव्या इयत्तेत होता, मोठा ब्लाइंड ७५०.

त्याच्याही आधी, माझ्या येण्यापूर्वी, त्यांनी उलटा प्रयोग केला होता म्हणे. दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. ५०, १००, २००, ४००, ८००. तासाभरात मूळच्या ५,००० चिपांमध्ये सहाच ब्लाइंड उरले. मग खेळायला काही राहतच नाही, पत्ते बघायचे आणि सगळं मधे लोटायचं. ती सोडतच झाली. दोन्हीकडून चटका बसलेला, म्हणून हा दुसरा तक्ता आलेला होता.

शोध घेतल्यावर कळलं की यावर लोकांनी पुष्कळ डोकं चालवलेलं आहे. लास व्हेगासला १९७० साली सुरू झालेली वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर ही या जगाची पंढरी. तिथल्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर. २००३ साली ८३९ जण खेळले आणि टेनेसीचा एक हिशेबनीस जिंकला, त्याचं आडनाव खरोखरच मनीमेकर! ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तो तिथवर पोचला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. मग गर्दी लोटली. २०२३ साली १०,०४३ जण होते. तिथे प्रत्येकाला ६०,००० चिपा आणि एकेक इयत्ता दोन-दोन तासांची, म्हणजे खेळ दिवसांचे दिवस चालतो. त्यांना तसाच हवा असतो, कसलेल्या माणसाचं कसब उतरायला वेळ लागतो. आमच्या तळघराला साडेअकराची वेळ गाठायची होती.

सूत्र साधं निघालं. शेवटापासून मागे यायचं. शाळेतही वार्षिक परीक्षेपासून मागे मोजत आलं तरच अभ्यासक्रम पुरा होतो. टेबलावरच्या एकूण चिपांच्या साधारण विसाव्या भागाइतका मोठा ब्लाइंड झाला की स्पर्धा संपतेच, उरलेल्या दोघांना थांबायला जागाच राहत नाही. नऊ जणांच्या ४५,०००, त्याचा विसावा भाग २,२५०. म्हणजे साडेअकराच्या थोडं आधी मोठा ब्लाइंड २,००० ला यायला हवा. ५० पासून २,००० म्हणजे चाळीसपट. दहा पायऱ्यांत चाळीसपट व्हायचं तर दर पायरीला पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास वाढ. हे शेवटचं गणित नातवाने कॅल्क्युलेटरवर करून दिलं, खोटं कशाला बोलू.

पण चिपा २५, १००, ५०० आणि १,००० च्याच असतात, त्यामुळे टक्क्यांशी तडजोड करावी लागते. शेवटी कागदावर उतरलं ते असं: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ५००/१०००, ७००/१४००, १०००/२०००, आणि हट्टी लोकांसाठी राखीव बारावी इयत्ता १५००/३०००. पहिली तीस मिनिटांची, कारण कोणी ना कोणी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा येतोच (तिकडेही!). बाकीच्या वीस मिनिटांच्या. पाचवीनंतर दहा मिनिटांची छोटी सुट्टी, सातवीनंतर पंधरा मिनिटांची मोठी सुट्टी, पिझ्झासाठी. सातला घंटा झाली तर अकरा पस्तीसला सगळं संपतं.

वीसच मिनिटं का, यावर बराच वाद झाला. एकाला पंधरा हवी होती. मी एका शुक्रवारी कोपऱ्यात बसून मोजलं. पत्ते पिसणं, वाटणं, चर्चा, विनोद धरून एका डावाला दोन मिनिटं जातात. वीस मिनिटांत दहा डाव, म्हणजे नऊ जणांचा एक पुरा फेरा. हे मला महत्त्वाचं वाटलं. इयत्ता फेऱ्याच्या मध्येच बदलली तर एकाने जुना लहान ब्लाइंड भरलेला असतो आणि त्याच फेऱ्यात पुढच्याला नवा मोठा भरावा लागतो. अगदी काटेकोर न्याय जमत नाही, पण निदान प्रत्येकाची पाळी एकदा यावी. एकाच शिक्षकाला रोज शेवटचा तास देऊ नये, तसंच ते.

छोट्या सुट्टीची जागाही उगाच नाही. पाचवीनंतर २५ च्या चिपांची गरज संपते. त्या तेव्हाच गोळा करून मोठ्या चिपा द्यायच्या, नाहीतर टेबलावर ढीग साचतात आणि मोजण्यात वेळ जातो. सुट्या उरलेल्या चिपांसाठी पत्ते ओढायची पद्धत आहे. त्यात एक नियम मला फार आवडला: या मोडीच्या हिशेबात कोणालाही बाद करता येत नाही. एकच चिप उरली असेल तरी त्याला वरची एक द्यावीच लागते. ज्याने हा नियम केला त्याला कधीतरी भेटायला आवडेल. माझ्या तक्त्यात चूकही राहिली. ७००/१४०० मुळे १०० च्या चिपा दहाव्या इयत्तेपर्यंत बाळगाव्या लागल्या आणि ऐन रंगात मंडळी मोजत बसली. त्याचा उपाय अजून सापडलेला नाही.

आता खरा वाद. तो 'रीबाय'वरून झाला.

त्यांच्याकडे बाद झालेल्याला पुन्हा चाळीस डॉलर भरून परत बसता येत असे. कितीही वेळा. मी तक्ता देताना खाली लिहिलं, "रीबाय बंद." चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते नाही चालणार. त्याने बक्षीस मोठं होतं. आणि चाळीस-चाळीस मैलांवरून गाडी चालवत येतात, पहिल्या वीस मिनिटांत बाद होऊन काय करतील?"

मी वेळापत्रकाचाच मुद्दा मांडला. म्हटलं, एकूण चिपा किती हे ठरल्याशिवाय शेवट कुठे हे कसं ठरणार? त्या अडीचच्या रात्री पाच रीबाय झाले होते. ४५,००० च्या जागी ७०,००० चिपा. वर्गात चाळीस मुलं धरून पेपर छापायचे आणि येणार साठ! मुद्दा बिनतोड होता. पण मुलगा माझाच आहे. माझ्याकडे बघत म्हणाला, "एवढंच कारण नाही ना?"

नव्हतंच. त्या पाच रीबायपैकी तीन एकाच मुलाचे होते. त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली होती, हे मला सूनबाईंकडून कळलं होतं. तो येई, मोठ्याने हसे, बाद होई, खिशातून पाकीट काढी. तिसऱ्यांदा पाकीट काढताना त्याने ज्या तऱ्हेने नोटा न मोजता टाकल्या, ती तऱ्हा मी पूर्वी पाहिली आहे.

मग मुलाला सांगितलं. बावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्या आजोबांबद्दल, पहिल्यांदा. १९६१ सालची गोष्ट, मी अकरा वर्षांचा. कोकणात गणपतीच्या दिवसांत जागरणाला पत्ते खेळतात, सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडेही माजघरात बायकांच्या फुगड्या आणि ओटीवर पुरुषांचे पत्ते. माझे वडील वाईट माणूस नव्हते. दारू नाही, बाकी काही नाही. पण डावावर बसले की उठायची वेळ त्यांना सापडत नसे. "हा एकच" म्हणत. त्या रात्री ते तीनदा घरात आले. पहिल्यांदा दुकानाच्या गल्ल्यातले पैसे नेले. दुसऱ्यांदा आईने भाताच्या कणगीत ठेवलेले. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत, आईने आपणहून हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मी पांघरुणातून बघत होतो. साबण लावून काढाव्या लागल्या होत्या, बऱ्याच वर्षांत निघालेल्या नव्हत्या.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजीच्या हातात नेहमी काचेच्या बांगड्या असायच्या. मला वाटायचं तिला आवडतात."

मी म्हटलं, तुझ्या या खेळात चांगलं काय आहे सांगू? घराबाहेर पडतानाच ठाऊक असतं की जास्तीत जास्त चाळीस डॉलर जाणार. ओटीवरच्या खेळाला तळ नव्हता आणि तो संपायची वेळही नव्हती. तुमच्याकडे दोन्ही आहेत, आणि तुम्ही रीबाय ठेवून तळाला भोक पाडता.

त्याने मित्रांना आजोबांचं काही सांगितलं नाही, मीही सांगू नकोस म्हटलं होतं. चिपांच्या बेरजेचं कारण पुढे केलं. सगळे इंजिनिअर, त्यांना पटलं. नोकरी गेलेला मुलगा थोडी कुरकुर करत होता, तोही दुसऱ्या दिवशी तयार झाला. लवकर बाद होणाऱ्यांसाठी मी कॅरमची सोय सुचवली. बोर्ड गॅरेजमध्ये होताच, सोंगट्या सूनबाईंनी शोधून दिल्या. (कॅरमवर पैसे नाहीत, हे मात्र मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.)

पहिला नवा शुक्रवार आला. घंटा म्हणून स्वयंपाकघरातलं टायमर घेतलं आणि मी जिन्याजवळच्या खुर्चीत बसलो. घंटा झाली की उठून नव्या ब्लाइंडचे आकडे मोठ्याने वाचायचे, एवढंच काम. दोनदा वाचावे लागत, दंगा फार. चौथ्या इयत्तेपर्यंत आठ जण होते, सातवीला पाच. अकराव्या इयत्तेत दोघे उरले आणि अकरा वीसला खेळ संपला. ३६० डॉलरची वाटणी १८०, ११०, ७०. नोकरी गेलेला मुलगा चौथा आला, म्हणजे बक्षिसाच्या अगदी दारातून परत. मला वाटलं आता हा पाकिटाला हात घालणार. पण घालायला जागाच नव्हती. तो उठला आणि नातवाबरोबर कॅरम खेळायला गेला. नातू इतक्या उशिरा जागा का, हा सूनबाईंचा स्वतंत्र तक्रारीचा विषय झाला.

पुढच्या महिन्यात अकरा पन्नास वाजले. दोन हट्टी भिडले होते, बारावी इयत्ताही पुरली नाही. सूनबाईंनी वीस मिनिटं माफ केली. नंतर एकाने नवी टूम काढली, हल्ली मोठ्या स्पर्धांत असते तशी, की मोठा ब्लाइंड भरणाऱ्यानेच सगळ्यांच्या वतीने आणखी एक रक्कम टाकायची, त्याला अँटी म्हणतात. त्याने खेळ लवकर संपतो. मी म्हटलं, आधी हे सहा महिने नीट चालू दे, मग बघू. वेळापत्रक केलं की पहिल्याच आठवड्यात बदल मागणारे शिक्षक शाळेतही असतात.

परतायच्या आधीच्या शुक्रवारी चिरंजीवांनी मला बाजूला घेतलं. एक जण येणार नव्हता, नववी खुर्ची रिकामी होती. "बाबा, आज तुम्ही बसा. चाळीस डॉलर माझे."

टेबलाकडे पाहिलं. चिपांचे नऊ ढीग मीच लावले होते, प्रत्येकी २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार, १,००० च्या दोन. हिरवं कापड, दिव्याखाली कोरा कॅट. एक क्षण हात शिवशिवला, हे कबूल करतो.

"आठ जण म्हणजे ४०,०००," मी म्हटलं, "विसावा भाग २,०००. अकरावीत संपेल. तू बस, सात वाजले." आणि टायमर घेऊन जिन्याजवळच्या खुर्चीकडे गेलो.